जुन्या दुकानांचा गल्ला



एकाद्या कंपनीचा वार्षिक जमाखर्च हा कांहीं नभोवाणीवरून ऐकण्याचा विषय नव्हे, असें आपणांपैकीं पुष्कळांना वाटेल. आणि तें अगदींच खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. आंकडे हे डोळ्यांनीं वाचावयाचे असतात; कानावरून ते वाऱ्यासारखे निघून जातात. म्हणून जे आंकडे मी सांगेन त्यांतले दोनच आपण कृपा करून लक्षांत ठेवावे. एक, शेंकडा साडेनऊ. दुसरा, शेंकडा पावाहूनहि कमी. हे दोन्ही आंकडे एकाच कंपनीचे, एकाच वर्षाचे, आणि दोन्ही विक्रीच्या वाढीचेच आहेत. कंपनी उपाहारगृहें चालविणारी आहे. या दोन आंकड्यांमध्यें जें अंतर आहे तोच आजच्या भाषणाचा विषय.

विषय परदेशांतल्या एका कंपनीचा असला तरी त्याच्याशीं आपला संबंध नाहीं असें नाहीं. पिझ्झा विकणारी जुबिलंट फूडवर्क्स ही कंपनी २०१० सालीं आपल्या शेअरबाजारांत आली. पश्चिम व दक्षिण भारतांत मॅकडोनाल्डचीं दुकानें चालविणारी वेस्टलाइफ तर मुंबईचीच. या कंपन्यांचे भाग आपल्याकडचे नोकरदार लोक विकत घेतात. आणि जे स्वतः घेत नाहींत त्यांच्याहि बचतीचा कांहीं अंश म्युच्युअल फंडांच्या वाटेनें तेथें जाऊन पोंचलेला असतो. तेव्हां अशा कंपनीचा अहवाल हातीं आला असतां त्यांत पाहावें तरी काय, हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा उरलेला नाहीं.

प्रथम एक घरगुती उदाहरण घेऊं. समजा, सदाशिव पेठेंत एका गृहस्थांची खाणावळ आहे आणि तिचा वर्षाचा गल्ला दहा लक्ष रुपये आहे. पुढच्या वर्षीं त्यांनीं कोथरूडला दुसरी खाणावळ काढली. वर्षाच्या अखेरीस दोन्ही मिळून अठरा लक्ष रुपये जमले. स्नेहीमंडळी अभिनंदनास येतात. धंदा एका वर्षांत शेंकडा ऐशींनीं वाढला! पण गृहस्थांनीं रात्रीं दोन्ही वह्या वेगळ्या करून पाहिल्या, तेव्हां त्यांना दिसलें कीं कोथरूडचे नऊ लक्ष आणि सदाशिव पेठेचेहि नऊच. म्हणजे जी खाणावळ कालपर्यंत दहा लक्ष मिळवीत होती तिचा एक लक्ष रुपयांचा धंदा गेला. स्वयंपाकी बदलला, कीं आमटी पातळ झाली, कीं जुनींच गिऱ्हाइकें कोथरूडला जाऊं लागलीं, हें शोधून काढणें पुढचें काम. परंतु अठरा लक्षांची बेरीज पाहून जो मनुष्य पेढे वाटील त्याला हें शोधण्याची गरजच भासणार नाहीं.

दोन वह्या असल्या म्हणजे हा हिशेब शाळेंतल्या मुलालाहि उमगतो. दोन हजार वह्या असल्या म्हणजे तो मोठमोठ्यांच्या नजरेंतून निसटूं पाहतो. यासाठीं या धंद्यांत एक निराळा आंकडा काढण्याची पद्धत पडलेली आहे. जीं दुकानें उघडून ठराविक काळ लोटला आहे, तेवढ्यांचीच यंदाची विक्री घ्यावयाची आणि त्याच दुकानांच्या गेल्या वर्षाच्या विक्रीशीं ताडून पाहावयाची. नवीं दुकानें या हिशेबांतून वगळावयाचीं. याला आपण जुन्या दुकानांचा गल्ला म्हणूं. अहवालाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत छापलेली असते ती एकंदर विक्री. आणि जुन्या दुकानांचा गल्ला बहुधा तिच्या खालच्या ओळींत असतो.

आतां ज्या कंपनीविषयीं बोलावयाचें ती. तिचें नांव चिपोट्ले. धुरावर वाळविलेल्या एका जातीच्या मेक्सिकन मिरचीचें हें नांव आहे. स्टीव्ह एल्स नांवाच्या तरुण स्वयंपाक्यानें १९९३ च्या जुलैमध्यें अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं, विद्यापीठाच्या जवळ, जेथें पूर्वीं आइस्क्रीमचें दुकान होतें त्या जागेंत पहिलें उपाहारगृह उघडलें. भांडवल वडिलांकडून उसनें घेतलेले ८५,००० डॉलर. पदार्थ एकच प्रमुख, बरिटो. गव्हाच्या मोठ्या पातळ पोळींत भात, घेवड्याच्या जातीच्या शेंगांतले दाणे, मांस आणि चटणी घालून तिची जाड गुंडाळी करावयाची, आणि तीहि गिऱ्हाइकाच्या देखत, त्याच्या सांगण्याबरहुकूम. बापलेकांनीं हिशेब केला होता कीं रोज १०७ बरिटो विकले गेले तर दुकानाचा खर्च भागून कांहीं उरेल. महिनाभरांतच रोज हजारावर विकले जाऊं लागले.

हा १०७ चा आंकडा मला साऱ्या गोष्टींत फार महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक उपाहारगृहाचा असा एक आंकडा असतो. मालकाला तो ठाऊक असो वा नसो. जागेचें भाडें, आचाऱ्यांचे व वाढप्यांचे पगार, चुलीचें सरपण किंवा वीज, हा खर्च एक गिऱ्हाईक आलें तरी होतो आणि हजार आलीं तरी त्यांत फारसा फरक पडत नाहीं. त्या १०७ च्या अलीकडे प्रत्येक पानामागें तोटा. पलीकडे गेलें कीं जें येईल त्यांतून केवळ तांदूळ, पीठ, मांस यांची किंमत वजा जाते आणि उरलेलें बव्हंशीं मालकाच्या पदरांत पडतें. सुखाच्या काळांत हा नियम मालकाला श्रीमंत करतो. दुःखाच्या काळांत तोच नियम उलटा फिरतो, आणि त्याची गति पाहून माणूस थक्क होतो.

१९९८ सालीं मॅकडोनाल्डनें या कंपनींत पैसा घातला तेव्हां तिचीं उपाहारगृहें वीसहि नव्हतीं. २००६ च्या जानेवारींत कंपनीचे भाग बाजारांत आले तेव्हां तीं पांचशेंच्या आसपास झालीं होतीं. बावीस डॉलरांस विकलेला भाग पहिल्याच दिवशीं दुप्पट झाला. त्याच वर्षीं मॅकडोनाल्ड अंग काढून बाहेर पडली. पुढचीं आठ-नऊ वर्षें भरभराटीचीं गेलीं. ताजा भाजीपाला, शक्य तेथें जवळच्या शेतांतून आणलेला; औषधें न टोंचलेल्या जनावरांचें मांस; दुकानांतच चिरणें, भाजणें, शिजविणें, ही कंपनीची प्रतिष्ठा होती. २०१४ सालीं एकंदर विक्री ४११ कोटि डॉलर, निव्वळ नफा साडेचव्वेचाळीस कोटि, आणि जुन्या दुकानांचा गल्ला एका वर्षांत शेंकडा १६.८ नीं वाढलेला. या वाढींतला कांहीं भाग किंमती वाढविल्याचा होता हें खरें. तरीहि इतक्या जुन्या दुकानांचा गल्ला एवढा वाढणें ही या धंद्यांत विरळा गोष्ट आहे.

मग २०१५ साल आलें. जानेवारींतच कंपनीला असें आढळून आलें कीं डुकरें पुरविणारा एक व्यापारी तीं ठरलेल्या रीतीनें पाळीत नाहीं. कंपनीनें त्याचा माल बंद केला, आणि सुमारें एकतृतीयांश दुकानांतून तो पदार्थ नाहींसा झाला. हें वागणें सचोटीचें होतें. ऑगस्टपासून निराळेंच संकट ओढवलें. कॅलिफोर्नियांतील एका दुकानांत जेवलेले पुष्कळ लोक उलट्यांनीं आजारी पडले. मिनेसोटा संस्थानांत टोमॅटोंतून साल्मोनेला जंतूंची बाधा झाली. आणि ऑक्टोबरच्या अखेरीस वॉशिंग्टन व ऑरेगन या संस्थानांत ई-कोलाय जातीच्या घातक जंतूंचा उपद्रव उघडकीस येऊन कंपनीला तेथील ४३ दुकानें बंद करावीं लागलीं. हा उपद्रव पुढें अकरा संस्थानांत पसरल्याचें दिसलें. ५५ लोक आजारी पडले. सुदैवानें मृत्यु एकहि झाला नाहीं. डिसेंबरांत बॉस्टनमधील एका महाविद्यालयाचे शंभरावर विद्यार्थी आजारी पडले. ई-कोलाय नेमका कोणत्या जिनसेंतून आला, हें सरकारी आरोग्यखात्यालाहि शेवटपर्यंत सांगतां आलें नाहीं. ज्या दुकानाची कीर्ति ताजेपणावर उभी, त्याला याहून क्रूर शिक्षा कोणती! जी पद्धत अभिमानानें मिरवावयाची, हजारों हातांनीं कच्ची भाजी दुकानांतच चिरण्याची, तिच्याकडेच लोक संशयानें पाहूं लागले.

आणि आतां मीं आरंभीं सांगितलेले दोन आंकडे ऐकावे. २०१५ सालची एकंदर विक्री ४५० कोटि डॉलर, म्हणजे आदल्या वर्षापेक्षां शेंकडा ९.६ नीं अधिक. निव्वळ नफा साडेसत्तेचाळीस कोटि. तोहि अधिक, कंपनीच्या तोंवरच्या इतिहासांत सर्वांत अधिक. ज्यानें केवळ पहिलें पान वाचलें त्याला हें वर्ष भरभराटीचें वाटलें असतें. जुन्या दुकानांचा गल्ला मात्र केवळ शेंकडा ०.२ नीं वाढला होता; आणि वर्षाच्या शेवटच्या तीन महिन्यांपुरतें पाहिलें तर तो शेंकडा १४.६ नीं घटला होता. एकट्या डिसेंबरांत ही घट शेंकडा तीस होती. म्हणजे बाराहि महिन्यांची बेरीज हंसतमुख होती आणि शेवटचा महिना रडत होता. त्या वर्षांत दुकानें १,७८३ वरून २,०१० वर गेलीं होतीं. वाढीचा जवळजवळ सर्व अंश त्या नव्या सव्वादोनशें दुकानांचा आणि आदल्या वर्षीं मध्येंच उघडलेल्यांचा होता.

मी येथें एक गोष्ट मुद्दाम सांगतों. कंपनीनें कांहीं लपविलें नव्हतें. दोन्ही आंकडे तिच्याच निवेदनांत, एकाखालीं एक, स्पष्ट छापलेले होते. चोरी झाली म्हणजे आपण चोराला दोष देऊं शकतों. परंतु दार उघडें असून आपणच आंत डोकावलों नाहीं तर दोष कोणाला द्यावयाचा?

२०१६ सालचा अहवाल हा तर या धंद्याच्या विद्यार्थ्यानें एकदां तरी शांतपणें वाचावा असा आहे. फेब्रुवारीच्या ८ तारखेस कंपनीनें देशभरचीं सारीं दुकानें कांहीं तास बंद ठेवून नोकरांना स्वच्छतेचे नवे नियम समजावून दिले, आणि त्या दिवशीं दारावरून परत गेलेल्या लोकांना फुकट बरिटोचीं चिठ्ठ्या दिल्या. कांदे, लिंबें, मिरच्या उकळत्या पाण्यांत कांहीं सेकंद बुडविणें सुरू झालें. टोमॅटो पुन्हां मध्यवर्ती स्वयंपाकघरांतून चिरून येऊं लागले. पहिल्या तिमाहींत जुन्या दुकानांचा गल्ला शेंकडा २९.७ नीं खालीं गेला आणि भाग बाजारांत आल्यापासून प्रथमच कंपनीला तोटा झाला. वर्षअखेरचा हिशेब असा: जुन्या दुकानांचा गल्ला शेंकडा २०.४ नीं कमी. एकंदर विक्री ३९० कोटि, म्हणजे शेंकडा तेरांनीं कमी. आणि निव्वळ नफा साडेसत्तेचाळीस कोटींवरून अवघा २ कोटि २९ लक्ष. विक्री शेंकडा तेरांनीं उतरली आणि नफा शेंकडा पंचाण्णवांनीं!

हें कसें झालें? येथें तो १०७ चा आंकडा पुन्हां भेटतो. २०१५ सालीं विक्रीच्या दर शंभर डॉलरांपैकीं ३३.४ डॉलर अन्नसामग्रीला, २३.२ पगाराला, ५.८ जागेच्या भाड्याला आणि ११ च्या वर इतर खर्चाला जात. दुकानापाशीं २६ डॉलर उरत. २०१६ सालीं सामग्रीला ३५, पगाराला २८.३, भाड्याला साडेसात आणि इतर खर्चाला १६ च्या वर गेले, उरले १२.८. भाडें कांहीं कोणीं वाढविलें नव्हतें. घरमालक तेच, जागा तीच, करारनामाहि तोच; शंभर डॉलर गोळा होण्यास मात्र पूर्वींपेक्षां अधिक दिवस लागूं लागले, म्हणून त्याच भाड्याचा वांटा मोठा दिसूं लागला. पगाराचेंहि बरेंचसें तेंच. दुकानांत गिऱ्हाईक निम्में असलें तरी तव्याजवळचा माणूस निम्मा करतां येत नाहीं. इतर खर्चांत फुकट वाटलेल्या खाण्याची जाहिरातबाजी आली. आणि उरलेल्या त्या बारा-तेरा डॉलरांतून मुख्य कचेरीचा खर्च, घसारा, नव्या दुकानांची उभारणी, सर्व भागवावयाचें!

याच अहवालांतली आणखी एक तुलना मला फारच बोलकी वाटली. एकंदर विक्री घटली सुमारें ६० कोटि डॉलरांनीं. परंतु कर देण्यापूर्वींचा धंद्याचा नफा साडेशहात्तर कोटींवरून साडेतीन कोटींवर, म्हणजे सुमारें ७३ कोटींनीं घटला. विक्रीपेक्षां नफाच अधिक घटला! याचें कारण असें कीं त्या वाईट वर्षांतहि कंपनीनें दुकानें उघडणें थांबविलें नव्हतें. २०१६ च्या अखेरीस तीं २,२५० झालीं. नव्या २४० दुकानांनीं विक्रीच्या बेरजेंत भर घालून घट थोडी झांकली. पण प्रत्येकानें आपलें भाडें, आपले नोकर आणि आपली भट्टी बरोबर आणली होती. दर दुकानामागें सरासरी वार्षिक विक्री २०१४ सालीं २४ लक्ष ७२ हजार डॉलर होती. ती आतां १८ लक्ष ६८ हजारांवर आली.

तरी कंपनी बुडाली नाहीं. कां? तिच्यावर कर्ज नव्हतें. बँकेचें व्याज दाराशीं बसलेलें असतें तर २०१६ सालची गोष्ट निराळी झाली असती. शिवाय अमेरिकेंतलीं सारीं दुकानें तिच्या स्वतःच्या मालकीचीं होतीं; त्यामुळें दुखणें जेथें होतें तेथेंच, तिच्याच हिशेबांत, दिसलें. हें दुसरें कारण प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल, म्हणून त्याच्या उलट असलेलें एक उदाहरण थोडक्यांत सांगतों. बॉस्टन चिकन या नांवाची भाजलेली कोंबडी विकणारी एक कंपनी १९९३ च्या नोव्हेंबरांत बाजारांत आली; वीस डॉलरांचा भाग पहिल्याच दिवशीं साडेअठ्ठेचाळीसांवर गेला. तिनें झपाट्यानें शाखा वाढविल्या, पण त्या बहुतेक स्वतः न चालवितां निरनिराळ्या प्रांतांतल्या ठेकेदारांकरवीं. ठेकेदारांना कर्ज तीच देई; आणि त्या कर्जावरचें व्याज, नांव वापरण्याची फी, हें सर्व स्वतःच्या वहींत उत्पन्न म्हणून लिही. ठेकेदारांचीं दुकानें तोट्यांत चाललीं होतीं. पण तो तोटा ठेकेदारांच्या वह्यांत राहिला आणि कंपनीच्या वहींत कांहीं वर्षें नफाच नफा दिसला. आपलाच पैसा एका खिशांतून काढून दुसऱ्या खिशांत घालावा आणि त्याला मिळकत म्हणावें, त्यांतलाच हा प्रकार. १९९८ च्या ऑक्टोबरांत कंपनीनें दिवाळ्यासाठीं न्यायालयांत अर्ज केला. पुढें २००० सालीं तिचा उरलेला संसार मॅकडोनाल्डनेंच विकत घेतला.

चिपोट्लेचें पुढें काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. भागाची किंमत २०१५ च्या ऑगस्टांत साडेसातशें डॉलरांच्या घरांत होती, ती २०१८ च्या आरंभीं अडीचशेंच्या आसपास आली. त्याच वर्षीं संस्थापक एल्स यांनीं मुख्याधिकाऱ्याची जागा सोडली आणि ब्रायन निकल यांनीं ती घेतली. २०२० च्या एप्रिलांत जुन्या आजारप्रकरणांबद्दल अडीच कोटि डॉलर दंड भरण्याचें कंपनीनें मान्य केलें. धंदा हळूहळू सावरला. पण तो केव्हां सावरला म्हणावा, याचें उत्तर कोणता आंकडा आपण पाहतों यावर अवलंबून आहे. एकंदर विक्री २०१८ सालींच जुन्या उच्चांकाच्या पलीकडे गेली, ४८६ कोटि. पहिलें पान वाचणाऱ्यानें तेव्हांच सुटकेचा श्वास सोडला असेल. परंतु त्या वर्षाचा निव्वळ नफा १७ कोटि ६६ लक्ष होता, म्हणजे २०१५ च्या निम्माहि नव्हे. दर दुकानामागची सरासरी विक्री २०१४ सालच्या आंकड्याला ओलांडून गेली ती २०२१ सालीं, आणि तीहि मधल्या काळांत किंमती वाढल्या असतां. आणि २०१५ चा नफाहि ओलांडला गेला तो २०२१ सालींच. नफ्यानें एकंदर विक्रीची वाट पाहिली नाहीं. त्यानें जुन्या दुकानांच्या गल्ल्याची वाट पाहिली.

२०२४ सालीं याच कंपनीची विक्री १,१३० कोटि डॉलर होती, दुकानें ३,७२६, आणि जुन्या दुकानांच्या गल्ल्याची वाढ शेंकडा ७.४. पुढच्या वर्षाच्या दुसऱ्या तिमाहीचें निवेदन २०२५ च्या जुलैमध्यें प्रसिद्ध झालें. त्यांत एकंदर विक्री शेंकडा तीननीं वाढल्याचें लिहिलें आहे. त्याच्या खालच्या ओळींत जुन्या दुकानांचा गल्ला शेंकडा चारनीं घटल्याचें लिहिलें आहे.